प्रोसेसरशी अक्षरांत बोलणं: सभागृहाच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

मराठवाड्यात सभागृहांतल्या आवाज-चित्राच्या यंत्रणेचं हे काम करायला पोरं दोन वाटांनी येतात. काही मंडपवाल्याकडे साऊंड लावता लावता इकडे वळतात, काही आयटीआय किंवा डिप्लोमा करून सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगमधून येतात. पहिल्यांना मिक्सर, ॲम्प्लिफायर, केबल सगळं तोंडपाठ असतं, पण आयपी पत्ता म्हटलं की ते दोन पावलं मागे सरकतात. दुसऱ्यांना स्विच-राउटर चांगला कळतो, पण बंद केलेला प्रोजेक्टर लगेच पुन्हा चालू होत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आता जिल्हा परिषदेच्या सभागृहात, विद्यापीठाच्या हॉलमध्ये, लातूरच्या क्लासेसमध्ये टच पॅनल लागतात. एक बटण दाबलं की पडदा खाली येतो, प्रोजेक्टर लागतो, माइक सुरू होतात. त्या बटणामागे बहुतेक वेळा साध्या अक्षरांची एक ओळ असते. ती ओळ कशी पाठवायची, आलेलं उत्तर कसं वाचायचं आणि मग ती प्रोसेसरच्या प्रोग्राममध्ये कशी बसवायची, ते इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच. साइटवरच्या माणसाला फोनवर कमांड सांगतो तशीच इथे ती अक्षर-अक्षर देवनागरीत लिहिली आहे. मधल्या आडव्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी आहेत, त्या टाइप करायच्या नाहीत. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, अक्षरं कॅपिटल, अंकही इंग्रजी. अंकांचं उगाच सांगत नाही. इंग्रजी कीबोर्डवरचा एक म्हणजे एकच बाइट, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ३१. मराठी कीबोर्डवरचा १ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या संगणकाच्या पद्धतीत) तीन बाइटचा होतो: ई०, ए५, ए७. प्रोजेक्टरसाठी तो निव्वळ कचरा. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या कमांडमध्येही वळणदार अवतरणचिन्हं, लांब डॅश आणि न दिसणाऱ्या वेगळ्या स्पेस येतात. कमांड नेहमी हाताने टाइप करा.

कोण कोणाशी बोलतं

कंट्रोल प्रोसेसर म्हणजे रॅकमध्ये बसणारा छोटा संगणक. क्रेस्ट्रॉन, एएमएक्स, एक्स्ट्रॉन ही नावं तुम्हाला दिसतील. एका बाजूला त्याला टच पॅनल जोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रोजेक्टर, स्विचर (कोणतं इनपुट कुठे जायचं ते बदलणारा), ऑडिओचा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारं यंत्र), कॅमेरे. आवाज आणि चित्र त्याच्यातून जातच असं नाही. तो फक्त हुकूम सोडतो.

मजकुराचे रस्ते इथे दोन आहेत, आणि नवख्याची पहिली गल्लत त्यांतच होते. एका रस्त्याने तुम्ही लॅपटॉपवरून प्रोसेसरच्या कन्सोलला (त्याच्या स्वतःच्या कमांडच्या खिडकीला) कमांड देता: तुझा पत्ता सांग, प्रोग्राम पुन्हा सुरू कर, चुकांची नोंद दाखव. दुसऱ्या रस्त्याने प्रोसेसर स्वतः उपकरणांना कमांड देतो: चालू हो, इनपुट बदल, आवाज कमी कर. प्रोजेक्टरची कमांड प्रोसेसरच्या कन्सोलवर टाइप करून काहीच होणार नाही. कन्सोलला ती कळतच नाही.

मी नव्या माणसाला आधी प्रोसेसरला हात लावू देत नाही. लॅपटॉपवरून थेट उपकरणाशी बोलायला लावतो. तिथे कमांड चालली की मग ती प्रोग्राममध्ये टाकायची. हे उलट केलं तर चूक कमांडमध्ये आहे, प्रोग्राममध्ये आहे की केबलमध्ये, हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

पुस्तिकेतून पाच गोष्टी

प्रत्येक चांगल्या उपकरणाच्या पुस्तिकेत, किंवा तिच्या सोबतच्या वेगळ्या पीडीएफमध्ये, कमांडचा तक्ता असतो. तो उघडा आणि वहीत पाच गोष्टी उतरवून घ्या: कोणता पोर्ट, ओळीच्या शेवटी काय पाठवायचं, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो का, उत्तर कसं येतं आणि लॉगिन लागतं का. या पाचांपैकी एकही अंदाजाने धरू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येसुद्धा फरक असतो.

पत्ता आणि पिंग

लॅपटॉपला हाताने स्थिर आयपी द्या, उपकरणाच्याच रांगेतला. उपकरण १९२.१६८.१०.२० असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१०.२०० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. अनेक एक्स्ट्रॉन उपकरणं कारखान्यातून १९२.१६८.२५४.२५४ या पत्त्यावर येतात, तेव्हा आधी लॅपटॉपला त्या रांगेत न्यावं लागतं. वायफाय बंद करा, नाहीतर लॅपटॉप हॉलच्या इंटरनेटकडे पाहत बसतो आणि तुम्ही केबल बदलत बसता.

मग पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला नेटवर्कवरून हाक मारा. उत्तर आलं तर रस्ता आहे एवढंच कळलं, दार उघडं आहे हे अजून कळलेलं नाही. दार म्हणजे पोर्ट. कनेक्शन करताना 'रिफ्यूज्ड' असं लगेच आलं तर उपकरण जागेवर आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: सेवा मेनूमधून बंद असेल किंवा पोर्ट नंबर चुकला असेल. बराच वेळ काहीच न होता 'टाइमआउट' आला तर पत्ता चुकला आहे, फायरवॉल आडवी आहे, किंवा मधल्या स्विचवर दोघं वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कांत) आहेत. हे दोन संदेश वेगळे वाचायला शिकलात की साइटवर निम्मी धावपळ वाचते.

पहिला संवाद: प्रोजेक्टर

शिकायला पीजेलिंक सगळ्यात बरं. जपानच्या जेबीएमआयए या उद्योगसंघटनेने ठरवलेली ही प्रोजेक्टरची सामाईक भाषा आहे. पहिला वर्ग २००५ चा, दुसरा २०१३ चा. बऱ्याच कंपन्यांचे प्रोजेक्टर ती बोलतात, त्यामुळे एकदा शिकलात की ब्रँड बदलला तरी चालतं. पोर्ट टीसीपी ४३५२.

आधी प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन दोन गोष्टी पाहा. पीजेलिंक चालू आहे का, हे एक. आणि स्टँडबाय मोड. तो 'इको' असेल तर प्रोजेक्टर बंद झाल्यावर त्याचं नेटवर्कही झोपतं. मग पॅनलवरून बंद होतो, पण चालू होत नाही. 'सर, मी कमांड पाठवायलोय, पण ते काही बोलंना' अशी तक्रार आली की मी आधी हा मोड विचारतो. तो नेटवर्क चालू राहील असा बदला. वीज किंचित जास्त जाते, त्याला इलाज नाही.

लॅपटॉपवर पुट्टी हा मोफत प्रोग्राम घ्या. विंडोजमध्ये टेलनेट (दुसऱ्या यंत्राशी अक्षरांत बोलायचा जुना प्रोग्राम) हाही आहे, पण व्हिस्टापासून तो मुळात बंद ठेवलेला असतो, विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करावा लागतो. पुट्टीत कनेक्शनचा प्रकार 'रॉ' निवडा, पत्ता आणि पोर्ट ४३५२ भरा, उघडा. जोडणी होताच प्रोजेक्टर स्वतःहून एक ओळ पाठवतो: पी-जे-लिंक, स्पेस, शून्य. याचा अर्थ पासवर्ड नाही. शून्याऐवजी १ आला आणि पुढे आठ हेक्स अक्षरं आली तर पासवर्ड आहे. त्या आठ अक्षरांपुढे पासवर्ड जोडून त्याचा एमडी-५ (मजकुरावरून गणिताने निघणारी ठरावीक लांबीची खूण) काढायचा आणि तो पहिल्या कमांडच्या आधी लावायचा. शिकताना पासवर्ड बंद ठेवा, काम जमलं की पुन्हा लावा.

आता विचारा: % चिन्ह, १, पी-ओ-डब्ल्यू-आर, स्पेस, प्रश्नचिन्ह, एंटर. इथला १ हा वर्गाचा आकडा. उत्तरात तीच अक्षरं, मग बरोबरचं चिन्ह आणि एक अंक येतो. ० म्हणजे स्टँडबाय, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय. चालू करायला प्रश्नचिन्हाच्या जागी १, बंद करायला ०.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्या कामाची मेख इथेच आहे. चालू करायची कमांड दिलीत की उत्तर येतं 'ओके'. नवा माणूस खूश होतो आणि लगेच इनपुटची कमांड सोडतो: %, १, आय-एन-पी-टी, स्पेस, ३१, म्हणजे पहिलं डिजिटल इनपुट. प्रोजेक्टर म्हणतो 'ईआरआर ३'. म्हणजे कमांड बरोबर आहे, पण आत्ता नाही. 'ओके'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच होता. दिवा अजून तापायचाच होता. म्हणून चालू केल्यावर दर दोन-तीन सेकंदांनी पॉवर विचारायची, आणि १ आल्यावरच इनपुट बदलायचं. बंद करतानाही तेच. २ येत असताना चालू करा म्हणाल तर पुन्हा ईआरआर ३ मिळू शकतो. त्यावर तीच कमांड धडाधड पाठवत राहण्यात काही अर्थ नाही.

बाकीचे आकडेही सांगून ठेवतो. ईआरआर १ म्हणजे अशी कमांडच नाही, बहुधा टाइप करताना चुकलंय. ईआरआर २ म्हणजे कमांड आहे, पण पुढचा आकडा चालत नाही, उदाहरणार्थ त्या मॉडेलला ते इनपुटच नसेल. ईआरआर ४ म्हणजे प्रोजेक्टर स्वतःच बिघडलाय. पासवर्ड चुकला तर ईआरआर-ए.

आणखी एक कमांड आपल्या भागासाठी मला फार मोलाची वाटते: %, १, ई-आर-एस-टी, स्पेस, प्रश्नचिन्ह. उत्तरात सहा अंक येतात: पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर, याच क्रमाने. ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ बिघाड. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळीसच्या वर जातो आणि काळ्या मातीची धूळ खिडक्यांच्या फटीतूनसुद्धा आत येते. अशा दिवसांत पाचवा अंक १ झालेला पॅनलवर दिसला, की शिपाईमामांना फिल्टर साफ करायला सांगता येतं. कार्यक्रम चालू असताना प्रोजेक्टर तापून बंद पडण्यापेक्षा ते बरं. ही कमांड बहुतेक प्रोग्राममध्ये नसते. तुमच्यात घाला.

ओळीचा शेवट

कमांड बरोबर, पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर आणि तरी शांतता. अशा वेळी दहातल्या आठ ठिकाणी घोळ ओळीच्या शेवटी असतो. उपकरण अक्षरं एकेक करून गोळा करतं आणि शेवटची खूण येईपर्यंत काहीच करत नाही. पत्रावर सही नसेल तर कचेरीत ते तसंच पडून राहतं, तसंच हे. ती खूण दोन प्रकारची: सीआर, म्हणजे हेक्स ०डी, आणि एलएफ, म्हणजे हेक्स ०ए. पीजेलिंकला सीआर लागतो. क्यू-सिस या ऑडिओ यंत्रणेच्या ईसीपी नावाच्या मजकुरी नियंत्रणाला, पोर्ट १७०२ वर, एलएफ लागतो. काहींना दोन्ही लागतात. काहींना कशाचीच गरज नसते: एक्स्ट्रॉनच्या साध्या कमांड शेवटचं चिन्ह दिसताच चालतात, पण त्यांच्याच एस्केपने सुरू होणाऱ्या कमांडना सीआर लागतो.

गंमत अशी की पुट्टीत एंटर दाबलं की नेमकं काय जातं ते सेटिंगवर ठरतं. त्यामुळे पुट्टीत चालणारी कमांड प्रोग्राममध्ये चालत नाही आणि माणूस प्रोग्रामवर चिडतो. प्रोग्राममध्ये एंटर नसतंच, तिथे खूण तुम्ही हाताने लिहायची असते. एएमएक्सच्या नेटलिंक्स भाषेत डॉलर चिन्ह आणि ०डी. क्रेस्ट्रॉनच्या सिम्पल नावाच्या भाषेत उलटी तिरपी रेघ, एक्स, ०डी. एक्स्ट्रॉनच्या प्रो मालिकेचे प्रोसेसर पायथॉनवर चालतात, तिथे उलटी तिरपी रेघ आणि आर. भाषा बदलते, पण तारेवरून जाणारा बाइट तोच असतो. शंका आली तर हर्क्युलीससारखं मोफत साधन वापरा. त्यात हेक्समध्ये लिहून पाठवता येतं आणि आलेलं उत्तरही हेक्समध्ये दिसतं. डोळ्याला न दिसणारी खूण तिथे दिसते, आणि मग वाद मिटतो.

टेलनेटचं अजून एक कोडं आहे. काही उपकरणं, उदाहरणार्थ बायँपचा टेसिरा हा डीएसपी, खरं टेलनेट बोलतात. जोडणी होताच ती २५५ या बाइटने सुरू होणारे प्रश्न विचारतात: तुला हे जमेल का, ते जमेल का? पुट्टी टेलनेट मोडमध्ये असेल तर त्यांची उत्तरं ती स्वतः देते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. प्रोसेसरचा साधा सॉकेट (नेटवर्क जोडणीचं त्याच्याकडचं टोक) मात्र गप्प बसतो आणि उपकरणही वाट बघत बसतं. तेव्हा प्रोग्रामनेच नकार कळवायचा. २५५, २५३ आणि एखादा आकडा आला तर २५५, २५२ आणि तोच आकडा परत पाठवायचा. म्हणजे 'कर' असं म्हटलं त्याला 'करणार नाही'. २५५, २५१ आलं तर उत्तर २५५, २५४. हे झालं की स्वागताची ओळ येते आणि पुढे सगळं साध्या मजकुरात. टेसिरात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो हेही ध्यानात ठेवा. काम झालं तर अधिक चिन्ह आणि ओके, नाही झालं तर वजा चिन्ह आणि ईआरआर.

स्विचरशी दोन शब्द

एक्स्ट्रॉनची एसआयएस ही कमांडपद्धत आखूडपणात सगळ्यांवर ताण आहे. १, तारा, २, उद्गारचिन्ह एवढं टाइप केलं की इनपुट १ आउटपुट २ ला जातं, चित्र आणि आवाज दोन्हीसकट. उद्गारचिन्हाच्या जागी डॉलर दिलात तर फक्त आवाज. नुसतं क्यू दिलं की फर्मवेअरची आवृत्ती. उपकरण जिवंत आहे का पाहायला हाच क्यू वापरा, त्याने काही बिघडत नाही. ई-०१ म्हणजे असं इनपुट नाही, ई-१० म्हणजे कमांडच चुकली, ई-१३ म्हणजे आकडा मर्यादेबाहेर.

नेटवर्कवरून जोडलात तर ही उपकरणं मुळात मितभाषी असतात. कोणी पुढच्या पट्टीवरचं बटण हाताने दाबून इनपुट बदललं तर ती तुम्हाला सांगत नाहीत, आणि पॅनल जुनंच दाखवत राहतो. त्यांना बोलकं करायला एस्केप, ३, सी-व्ही आणि सीआर ही कमांड. एस्केपच्या जागी डब्ल्यू चालतो, सीआरच्या जागी उभी दांडी. ही कमांड प्रत्येक नव्या जोडणीनंतर प्रोग्रामने पुन्हा पाठवायची, कारण जोडणी तुटली की हा स्वभावही गेला.

आता प्रोसेसरच्या कन्सोलवर

क्रेस्ट्रॉनला एसएसएचने (टेलनेटसारखंच, पण तारेवर वाचता न येणारं), पोर्ट २२ वर, जोडा, किंवा त्यांच्या टूलबॉक्समधला टेक्स्ट कन्सोल उघडा. जुन्या पिढ्यांत ४१७९५ हा उघडा पोर्टही वापरतात. चौथ्या मालिकेचा प्रोसेसर पहिल्या जोडणीलाच ॲडमिनचं खातं बनवायला लावतो, त्याशिवाय पुढे सरकत नाही. कॅलिफोर्निया राज्याचा जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. सगळ्या यंत्रांना एकच कारखान्याचा पासवर्ड असण्याची जुनी चाल तेव्हापासून मागे पडत गेली. ते खातं आणि पासवर्ड त्याच क्षणी वहीत लिहा. नंतर आठवेल, असं म्हणू नका.

आत गेल्यावर 'हेल्प' टाइप करा, कमांडची यादी येईल. 'आयपीकॉन्फिग' पत्ता दाखवतं, 'व्हर' आवृत्ती, 'ईआरआर' चुकांची नोंद. 'आयपीटेबल' कोणतं उपकरण जोडलेलं आहे आणि कोणतं सुटलंय ते सांगतं. 'प्रोगरीसेट' फक्त प्रोग्राम पुन्हा सुरू करतं आणि 'रीबूट' अख्खा प्रोसेसर. या दोघांत फरक आहे. सभा चालू असताना पॅनल अडकला तर थेट रीबूट मारू नका. प्रोग्राम आधी, तेही गरज असेल तरच.

एएमएक्सच्या नेटलिंक्स प्रोसेसरला टेलनेटने, पोर्ट २३ वर, जाता येतं. 'शो डिव्हाइस' जोडलेली उपकरणं दाखवतं, 'गेट आयपी' पत्ता, 'शो लॉग' नोंद. मला सगळ्यात कामाचं वाटतं ते 'एमएसजी ऑन'. मग प्रोसेसर जे जे करतो त्याचे संदेश तुमच्यासमोर वाहू लागतात. बटण दाबा आणि पाहा. काहीच उमटलं नाही तर बटण प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. उमटलं पण प्रोजेक्टर हलला नाही तर पुढचं तपासा.

प्रोग्राममध्ये बसवताना

कमांड माहीत झाल्या. आता नवा माणूस बटणाच्या आत चार कमांड एकाखाली एक लिहितो: प्रोजेक्टर चालू, पडदा खाली, इनपुट, आवाज. टेबलावर चालतं, हॉलमध्ये अडखळतं. कमांडची रांग करा. एक पाठवा, उत्तराची वाट बघा, मग दुसरी. उत्तर आलं नाही तर ठरावीक वेळाने रांग पुढे सरकवा, नाहीतर एक मुकं उपकरण सगळ्यांना अडवून बसेल. पडद्यासारखी उत्तर न देणारी उपकरणं रिलेवर असतात, त्यांना रांगेत कोंबायची गरज नाही.

उत्तर वाचताना एक चूक फार जण करतात. नेटवर्कवर उत्तर एकदम आणि अखंड येईल याची हमी नसते. 'पीओडब्ल्यू' एका तुकड्यात, बाकीचं पुढच्या तुकड्यात, किंवा दोन उत्तरं एकमेकांना चिकटून. म्हणून आलेली अक्षरं एका बफरमध्ये (प्रोग्राममधल्या तात्पुरत्या साठ्यात) जमवत राहायची, सीआर दिसला की तिथपर्यंतची ओळ कापून वाचायची, उरलेलं बफरमध्ये ठेवायचं. तुकडा आला की लगेच त्यात 'ओके' शोधणारा प्रोग्राम आठवडाभर छान चालतो आणि नेमका कुलगुरूंच्या कार्यक्रमाला फसतो.

पॅनलवरचं बटण उजळवायचं ते उत्तरावरून. बटण दाबलं म्हणून ते उजळलं, असं करू नका. प्रोजेक्टरने १ सांगितला तर हिरवं, ३ सांगितला तर लुकलुकणारं, २ सांगितला तर बटण दाबताच येणार नाही असं. वापरणारे प्राध्यापक किंवा अधिकारी अधीर असतात. लगेच काही दिसलं नाही तर ते सहा वेळा दाबतात, आणि प्रत्येक दाबणं एक कमांड होऊन रांगेत जातं. म्हणून चालू होतानाच्या काळात बटणच बंद ठेवलेलं बरं, आणि पॅनलवर मराठीत लिहा: 'प्रोजेक्टर सुरू होत आहे, थांबा'. एवढ्या एका वाक्याने फोन निम्म्याने कमी होतात, हा माझा अनुभव.

जोडणी किती वेळ उघडी ठेवायची? पीजेलिंकमध्ये तीस सेकंद काही बोललं नाही तर प्रोजेक्टर जोडणी तोडतो. एकतर त्याच्या आत काहीतरी विचारत राहा, नाहीतर विचारायचं तेव्हा उघडा आणि लगेच बंद करा. मी दुसरा मार्ग धरतो, कारण अनेक प्रोजेक्टर एका वेळी एकच जोडणी घेतात. त्यावरून आठवलं: तपासणी झाल्यावर पुट्टी बंद करायला विसरू नका. ती जागा अडवून बसली की प्रोसेसरला दार बंद दिसतं आणि तुम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसता.

लाइट गेली की

हा भाग पुस्तिकांत नसतो, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या गावात लाइट जात नसावी. आपल्याकडे जाते, येते आणि येताना एकदा लुकलुकून येते. लाइट आली की रॅकमधलं प्रत्येक यंत्र आपापल्या वेळेला उठतं. प्रोसेसर, स्विच, डीएसपी, प्रोजेक्टर, कोणीच कोणासाठी थांबत नाही. प्रोसेसरचा प्रोग्राम सुरू झाला तेव्हा नेटवर्क स्विच अजून डोळे चोळत असेल तर पहिल्या सगळ्या जोडण्या फसतात. प्रोग्रामने पुन्हा प्रयत्न केलाच नाही, तर हॉल दिवसभर मेलेला.

म्हणून जोडणी फसली की दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा, जुळेपर्यंत. सेकंदाला दहा वेळा नको, त्याने उपकरणच गुदमरतं. जोडणी जुळली की आधी सगळी स्थिती विचारून घ्या, पॅनल त्याप्रमाणे रंगवा, मगच बटणं खुली करा. लाइट जाण्याआधी काय चालू होतं ते प्रोग्रामच्या आठवणीतून दाखवू नका. तेवढ्यात बरंच बदललेलं असतं.

प्रोसेसर आणि नेटवर्क स्विच एकाच छोट्या यूपीएसवर घ्या. एकच निवडायचं असेल तर आधी स्विच. प्रोजेक्टरच्या मेनूत 'डायरेक्ट पॉवर ऑन' असेल तर ते बंद ठेवा. नाहीतर पहाटे तीनला लाइट येते आणि रिकाम्या हॉलमध्ये प्रोजेक्टर एकटाच सकाळपर्यंत जळत राहतो. दुहेरी खबरदारी म्हणून प्रोग्राममध्ये रात्रीची एक वेळ ठरवा. त्या वेळेला पॉवर विचारायची, १ आला तर बंद करायचं. प्रोसेसरचं घड्याळ त्यासाठी बरोबर हवं. इंटरनेट नसलेल्या रॅकमध्ये ते मागे-पुढे होतं, तेव्हा प्रत्येक भेटीत एकदा पाहून घ्या.

दार उघडं टाकू नका

टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, तारेवर कान लावणाऱ्याला तो वाचता येतो. उपकरण एसएसएच देत असेल तर तेच घ्या. एव्हीची, म्हणजे आवाज-चित्राची, सगळी यंत्रं वेगळ्या स्विचवर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, विद्यार्थ्यांच्या वायफायपासून लांब. पीजेलिंकचा पासवर्ड लावा. घरी बसून दुरुस्ती करता यावी म्हणून राउटरवर ४३५२ किंवा २३ बाहेर उघडायचा मोह होतो, विशेषतः हॉल किनवटला आणि तुम्ही संभाजीनगरला असाल तेव्हा. उघडू नका. इंटरनेटवर असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. लांबून काम करायचंच असेल तर संस्थेच्या आयटी विभागाकडून व्हीपीएन (संस्थेच्या नेटवर्कमध्ये बाहेरून यायचा सुरक्षित रस्ता) मागून घ्या.

जाण्याआधी

रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: उपकरणाचं नाव, आयपी, पोर्ट, ओळीचा शेवट, आणि चालतंय का पाहायची एक साधी कमांड. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो संस्थेच्या जबाबदार माणसाकडे बंद पाकिटात द्या. प्रोग्रामची मूळ फाइलही संस्थेला द्या, पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवरही. प्रोसेसरमध्ये चढवलेली फाइल बहुतेक वेळा कम्पाइल केलेली असते, तिच्यातून मूळ प्रोग्राम परत मिळेल याची खात्री नसते. काही ठेकेदार ही फाइल मुद्दाम देत नाहीत, म्हणजे पुढचं कामही त्यांनाच मिळेल. टेंडरच्या अटीत 'मूळ प्रोग्राम हस्तांतरित करणे' ही ओळ घालायला संस्थेला सांगा. आधीच्या ठेकेदाराने फाइल दिली नसेल, तर नव्याने लिहायचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा.